अकरा वाजताची सही

१

दिगंबर सकाळी अकरा वाजता जिवंत होता, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. अकरा वाजता त्याची सही झाली होती. ती सही जगात कुणालाही तपासून पाहता येत होती, आणि तिची नक्कल करणं शक्य नव्हतं.

दुपारी आक्काबाई त्याला जेवायला बोलवायला गेली. खोली रिकामी होती. कॉम्प्युटर चालू होता, आणि तलावाच्या बाजूला उघडणारं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर श्रावणातलं धुकं इतकं दाट होतं की दाराबाहेरची कण्हेरही दिसत नव्हती. तुंगार्लीतल्या त्या बंगल्यामागे थोडी मोकळी जागा आहे, मग एकदम उतार, आणि उताराच्या तळाशी खडक. आम्ही हाका मारत असताना खालून एका गुराख्याने ओ दिली. त्याला दिगंबर सापडला होता.

फौजदार आले, पंचनामा झाला, प्रेत दवाखान्यात नेलं. धुक्यात पाय घसरला असणार, असं फौजदारांचं म्हणणं पडलं. डॉक्टरांचा अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. एक हवालदार फाटकाशी ठेवून ते गेले.

दिगंबरची मुलगी ओवी जेवणाच्या टेबलाशी बसून होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "काका, बाबा सही केल्यावर खोलीबाहेर कसे गेले?"

मला प्रश्नच कळला नाही.

"त्यांची सही झाली की माझी होईपर्यंत ते खुर्ची सोडत नसत. चहासुद्धा घेत नसत. आज अकराला सही केली, मला हाक मारली नाही, आणि फिरायला गेले?"

मी काहीतरी समजुतीचं बोललो. पण तेव्हापासून मला त्या घरात मान वळवून मागे बघावंसं वाटू लागलं.

२

ही सही कसली ते सांगायला हवं. मला ते नीट जमेल की नाही, माहीत नाही. मी तळेगावात ग्रंथपाल होतो. कॉम्प्युटरमधलं जेवढं दिगंबरने शिकवलं तेवढंच मला येतं.

दिगंबरने 'पहारा' नावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. युनिक्सच्या सर्व्हरवर तो मागे गुपचूप बसतो आणि बाकीचे प्रोग्राम चालू आहेत ना, यावर नजर ठेवतो. एखादा पडला तर उठवून उभा करतो. एवढंच त्याचं काम. पण ते हजारो ठिकाणी चालतं; दवाखान्यांत, पाणीपुरवठ्याच्या कचेऱ्यांत, कारखान्यांत. 'पहारा' फुकट आहे आणि उघडा आहे: त्याची प्रत्येक ओळ कुणीही वाचावी, सुधारणा सुचवावी, पॅच म्हणजे दुरुस्तीचा तुकडा लिहून पाठवावा. मी त्याचे संदेश मराठीत करत असे. त्याच कामासाठी मी आदल्या दिवसापासून तिथे राहिलो होतो.

नवी आवृत्ती बाहेर सोडायला दोन सह्या लागतात, एक दिगंबरची आणि एक ओवीची. सही म्हणजे पेनाने केलेली नव्हे. दोघांकडे करंगळीएवढी एकेक चावी आहे, ती कॉम्प्युटरला लावायची, पिन घालायचा, मग सही उमटते. दोन्ही सह्या झाल्या की जगभरचे सर्व्हर नवी आवृत्ती आपापली उतरवून घेतात. कुणी विचारत नाही, कारण दिगंबरवर विश्वास आहे.

त्या आठवड्यात 'पहारा'त एक भोक सापडलं होतं, चोराला आत शिरता येईल असं. अशा वेळी या लोकांची एक रीत असते. भोक सापडलं तरी बोलायचं नाही; दुरुस्ती तयार होईपर्यंत सगळ्यांनी मौन पाळायचं, आणि ठरलेल्या वेळी दुरुस्ती व बातमी बरोबरच जाहीर करायची. ती वेळ त्या दिवशी संध्याकाळी सहाची होती. सहानंतर ते भोक जगातल्या प्रत्येक चोराला माहीत होणार होतं.

दिगंबरची सही झालेली आवृत्ती तयार होती. फक्त ओवीची सही राहिली होती. वडिलांचं प्रेत दवाखान्यात, आणि घरातली तीन माणसं तिच्यासमोर तीच एक गोष्ट मागत उभी होती.

३

तिघेही या भोकासाठीच दिगंबरने बोलावून घेतलेले.

अनुष्का पुण्याच्या एका कंपनीत मोठ्या पदावर. तिची कंपनी 'पहारा'वर धंदा करते आणि दिगंबरने तो कंपनीच्या ताब्यात द्यावा म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. आदल्या संध्याकाळी फोनवर दोघांचं वाजलं होतं. नऊच्या सुमारास ती गाडीने आली, दिगंबर कामात आहे असं कळल्यावर एकटीच तलावाकाठी फिरायला गेली, आणि अकरा वाजून गेल्यावर परतली. तिच्या बुटांना चिखल होता.

सुश्रुत तळेगावचा, दिगंबरचा पहिला शिष्य. एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. दुसरी चावी आपल्याला मिळेल अशी त्याची खात्री होती. दिगंबरने ती ओवीला दिली. तेव्हापासून तो यायचा, पण दाराशीच चपला घालून उभा राहिल्यासारखा बोलायचा. हायवेला गाड्या अडकल्या म्हणून उशीर झाला, असं सांगत तो बाराला पोहोचला. सोबत कोणी नव्हतं.

आणि श्रीयश. तीन वर्षं तो मेलवरूनच ओळखीचा होता. कुठल्याशा दूरच्या गावाहून पॅच पाठवायचा, एकाहून एक स्वच्छ. 'पहारा' लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या आज सगळीकडे दिसणाऱ्या भावंडावर, चालायचाच. बीएसडी नावाची युनिक्सची जी जुनी शाखा आहे, जी दिगंबर स्वतः तीस वर्षं वापरत होता, तिच्यावरचं कामही हळूहळू श्रीयशनेच अंगावर घेतलं. दिगंबर म्हणायचा, या मुलाला बीएसडी माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्रत्यक्ष तो आदल्या दिवशी पहिल्यांदाच आला. बारीक अंगाचा, नम्र, आक्काबाईच्या हातातली जड कळशी घेणारा.

त्याच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती, कारण अकरा वाजता तो माझ्याबरोबर होता. लोहगड बघायचा म्हणून तोच मला आग्रहाने घेऊन गेला. लोहगडवाडीत एका टपरीवर आम्ही पिठलंभाकरी खात होतो तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरली. "बघा काका, दिगंबरकाकांनी रिलीज साइन केलं. अकराच्या ठोक्याला." त्याचा आनंद पाहून मलाही बरं वाटलं होतं.

म्हणजे धुक्यात कुणी दिगंबरला ढकललं असेल, तर ते उरलेल्या दोघांपैकी एकाने. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दोघांकडे बघत होतो. अनुष्काने पाण्याचा पेला उचलला तर तो दातांवर वाजला. सुश्रुत मागच्या दाराची कडी लावायचा, आणि थोड्या वेळाने जाऊन लावली आहे का बघायचा.

तेवढ्यात फाटक वाजलं. अनसूयाबाई आल्या होत्या.

४

अनसूयाबाई म्हणजे ओवीची मावशी. बहीण गेल्यावर ओवीला अर्धी त्यांनीच वाढवली. तळेगावच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर युनिक्स शिकवलं. सुश्रुतही त्यांच्या हाताखालून गेलेला. गुडघ्यांनी बेजार, पण जीभ शाबूत. आल्या आल्या त्यांनी ओवीला जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही. मग ओवीने अकराच्या सहीचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "कुणी घाई करू नका. सहाला अजून वेळ आहे."

त्यांनी एकेकाला जेवणाच्या खोलीत बोलावलं. मला कोपऱ्यात बसवलं, "तुम्ही गप्प बसता, तेवढा गुण पुरे."

अनुष्काने भांडण नाकारलं नाही. कंपनीला प्रोजेक्ट हवा होता, पण आजच सही व्हायला हवी ती दवाखान्यांसाठी, असं तिने सांगितलं. सांगताना रडली. तलावाकाठी तिला कोणी पाहिलं नव्हतं.

सुश्रुतने अनसूयाबाईंकडे न बघता उत्तरं दिली. चावीचं दुःख होतं का, असं विचारल्यावर म्हणाला, "होतं, बाई. अजून आहे. पण सरांनी शिकवलेलं सगळं त्या चावीत नव्हतं."

श्रीयश शांत होता. आदल्या रात्रीच्या आणि अकराच्या आवृत्तीत फरक काय, असं बाईंनी विचारलं. दिगंबर आदल्या रात्री कच्ची प्रत सही करून ओवीला वाचायला द्यायचा, तीही त्याची रीत. श्रीयशने सांगितलं की फरक नाममात्र आहे: आवृत्तीचा आकडा बदललाय, आणि टेस्टसाठी लागणाऱ्या नमुन्याच्या काही फायली आल्यात. नमुने म्हणजे नुसता आकड्यांचा ढिगारा. ते कोणी वाचत नाही, वाचता येतही नाहीत.

शेवटी आक्काबाई. ती लोहगडवाडीची, इथे स्वयंपाकाला असते. ती पदर तोंडाशी धरूनच बोलली.

"सकाळी तुम्ही दिगंबररावांना पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. ते उजाडायला मशीन चालू करून मागं फिराया जात्यात, रोजचंच हाय. म्या चा घेऊन गेले तवा दार लावल्यालं. त्यो काल आल्याला पोरगा भायेर उभा हुता. म्हनला, काका आलं, कामाला बसलं, आवाज करू नगा. म्या कप त्येच्याच हातात दिला."

"म्हणजे परत आलेले तुम्ही पाहिले नाहीत."

आक्काबाई विचार करू लागली आणि तिचा चेहरा उतरला. "न्हाई," ती म्हणाली. "कुनीच न्हाई पाह्यलं."

मी मनात म्हटलं, पाहिलं नसेल. पण सही तर अकराला झाली. मेलेला माणूस सही करत नाही.

५

मला बसवेना. घाबरलो की मी हाताला येईल ते वाचू लागतो. दिगंबरच्या खोलीत जाऊन मी त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी संदेशांची फाईल उघडली. मागच्या दाराच्या फटीतून धुकं आत येत होतं आणि खुर्ची अजून मागे सरकवलेली होती. संदेश बघून झाल्यावर मी फोल्डरमधली नावं नुसती वाचत गेलो. त्यात एक नवं नाव होतं. आवृत्तीचा आकडा जिच्यात असतो त्या 'व्हर्जन' फाईलशेजारी तिचीच जुळी बहीण: तेच नाव, पण शेवटी आडवी रेघ आणि 'ई' हे इंग्रजी अक्षर चिकटलेलं.

माझ्या हातून असे घोटाळे नेहमी होतात. दिगंबर हसून ते आवरायचा. हाही माझाच असेल असं समजून मी बाहेर आलो, आणि बाईंना सांगू की नको, अशी घालमेल करत पडवीत उभा राहिलो. शेवटी माफी मागत सांगितलं.

अनसूयाबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती.

"शेपटीला ई? नक्की?"

"मीच काही केलं असेल..."

"तुमच्याने ते होणार नाही. तुम्हाला अजून फाईल बंद करून बाहेर पडता येत नाही. कधीची आहे ती? वेळ दिसते ना शेजारी?"

वेळ उजाडतानाची होती.

त्या पडवीतल्या बाकावर बसल्या आणि हळू आवाजात मला समजावू लागल्या. एक जुनी कमांड आहे. फाईल न उघडता आतला शब्द बदलून टाकते. लिनक्सवाले आणि बीएसडीवाले, दोघेही तिला त्याच नावाने बोलावतात, पण दोन घरच्या चाली वेगळ्या. लिनक्सवाल्याने आपल्या सवयीने ती बीएसडीवर टाइप केली, तर शब्द बदलतो, काम होतं, चूक दाखवली जात नाही. फक्त यंत्राचा एक गैरसमज होतो. त्याला वाटतं, मालक सांगतोय की जुनी प्रत बाजूला ठेव आणि तिला ही शेपटी लाव. प्रत तिथेच पडून राहते. करणाऱ्याला पत्ताही नसतो.

"दिगंबरचं यंत्र बीएसडी. तीस वर्षं. त्याच्या हातून हे झोपेतही झालं नसतं. उजाडताना त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसलं होतं."

"पण सही अकराला..."

"तो उठल्या उठल्या चावी लावून पिन घालून ठेवायचा आणि टेस्ट चालू करून फिरायला जायचा. चावी उघडीच होती. अमुक वाजता अमुक काम कर, असं युनिक्सला सांगून ठेवता येतं, ग्रंथपाल. दूधवाल्याला सांगतात तसं. अकराला यंत्राने सही केली. दिगंबर तेव्हा..."

अकराला कोण कुठे होतं, याला आता अर्थच नव्हता. उजाडताना कोण घरात होतं, एवढंच खरं. अनुष्का नऊला आली. सुश्रुत बाराला. उरलो ओवी, आक्काबाई, मी आणि श्रीयश. ओवी बापाच्या मांडीवर बसून बीएसडी शिकलेली. आक्काबाई त्या यंत्राला हात लावत नाही.

"पण श्रीयश तर बीएसडीचाच माणूस," मी म्हटलं. "इतक्या वर्षांचे त्याचे पॅच..."

"श्रीयशच्या नावाने पॅच पाठवतो तो बीएसडीचा माणूस आहे," अनसूयाबाई उठत म्हणाल्या. "आत बसलेला हा मुलगा कोण, ते मला माहीत नाही. ओवी कुठे आहे?"

ओवी टेबलाशी नव्हती. दिगंबरच्या खोलीचं दार लावलेलं होतं, आणि आतून श्रीयशचा मृदू आवाज येत होता.

६

बाईंनी दार ढकललं तेव्हा ओवी बापाच्या खुर्चीत होती. तिची चावी कॉम्प्युटरला लावलेली होती. श्रीयश तिच्या मागे, मागच्या दाराच्या बाजूला उभा होता. दार आता उघडं होतं. बाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"दोनदा पिन चुकला, मावशी," ओवी म्हणाली. "आता एकदाच उरलाय. तिसऱ्यांदा चुकला तर चावी बंद होते, आणि ती उघडायचा मोठा पिन फक्त बाबांना माहीत होता."

श्रीयश म्हणाला, काही घाई नाही, ताईंनी श्वास घ्यावा.

अनसूयाबाईंचा आवाज बदलला नाही. सुश्रुत आणि अनुष्का आमच्या मागे दारात येऊन उभे राहिले होते; बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सहीआधी एक काम राहिलंय. लेखकांच्या यादीत दिगंबरच्या नावामागे 'कै.' लावायला हवं. ओवीच्याने ते होणार नाही. बाळ, तू करतोस?"

श्रीयशने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, मला तरी तसं वाटलं. ओवी थोडी सरकली. त्याने वाकून झरझर एक ओळ टाइप केली. बोटं विचार न करता चालली, आपल्या घरात अंधारात चालावं तशी.

"झालं," तो म्हणाला.

"ओवी, फोल्डरमधली नावं वाच."

ओवी वाचू लागली. लेखकांच्या यादीचं नाव तिने वाचलं, आणि त्याच्याच खाली शेपटी असलेलं दुसरं नाव आल्यावर थांबली. मग तिची नजर वर सरकली, व्हर्जनच्या जुळ्या बहिणीवर. मला तिची मान दिसत होती, आणि त्या मानेवर काटा उभा राहिलेला दिसला.

श्रीयशलाही दिसला. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्चीला चाकं होती, आणि मागचं दार अगदी जवळ होतं.

"मी तिला काही करणार नाही," तो आमच्याकडे बघून म्हणाला. "ताई, पिन घाला. सही झाली की मी या दाराने जातो. मग तुम्हाला मी कधी दिसणार नाही."

"बाबांनाही असंच म्हणालास?" ओवीने विचारलं.

"काकांनी चालता चालता एक प्रश्न विचारला. बीएसडीचा. साधा होता, मेलवर असता तर तासाभरात उत्तर दिलं असतं. मला आलं नाही. ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, मग तुझ्या नावाने मला लिहितं कोण?"

हवालदार फाटकाशी होता. त्याला हाक मारली तर खुर्ची दाराबाहेर जाईल, म्हणून मी मारली नाही. सुश्रुत एक पाऊल पुढे आला तेव्हा खुर्ची दाराकडे तितकीच सरकली.

तेव्हा ओवीने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि काही अक्षरं दाबली.

"मी चुकीचा पिन टाइप केलाय," ती म्हणाली. "बोट एंटरवर आहे. खुर्ची हलली तर बोट पडेल. चावी गेली की ही आवृत्ती गेली. तीन वर्षं लिहिलेले पॅच, बाबांचा जीव, सगळं फुकट. तुझ्या माणसांना काय सांगशील?"

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने खुर्चीवरून हात काढला. तो मागे सरला, उंबरठ्यावर गेला, आणि धुक्यात वळला. सुश्रुतने त्याला कण्हेरीपाशी गाठलं. अनुष्का ओरडत फाटकाकडे धावली होती. हवालदार आला तेव्हा सुश्रुत त्याच्या अंगावर बसून रडत होता.

त्याला नेताना अनसूयाबाईंनी एवढंच विचारलं, श्रीयश कोण?

"मी एकटा नाही," तो म्हणाला. "त्या नावाने किती जण लिहितात, मलाही माहीत नाही. मला फक्त प्रत्यक्ष जायला सांगितलं होतं."

७

सहा वाजायला फार वेळ उरला नव्हता. अकराची आवृत्ती ओवीने बाजूला काढली. त्या नमुन्यांच्या ढिगाऱ्यात काय दडलं होतं, ते पुढे अनुष्काच्या कंपनीतल्या लोकांनी आठवडाभर खपून शोधलं. चोरदरवाजा होता, कुठल्याही सर्व्हरचा, बाहेरून उघडणारा. त्या संध्याकाळी आमच्याकडे दिगंबरची खरी सही असलेली एकच गोष्ट होती, आदल्या रात्रीची कच्ची प्रत. भोक तिच्यातही बुजलेलं होतं. सुश्रुत, अनुष्का आणि अनसूयाबाई एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले. मी ऐकत होतो. देवळात पोथी ऐकतात तसं, न कळता.

मग ओवीने तो चुकीचा पिन एकेक अक्षर करून पुसला आणि सहीसाठी ती कच्ची प्रत लावली. खरा पिन टाइप केला आणि डोळे मिटून बसली. तो बरोबर पडला की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. बापाच्या मरणाच्या दिवशी दोनदा तिच्या हाताने तिला फसवलं होतं. तिने एंटर दाबलं.

सही उमटली. आवृत्ती सहाच्या आत गेली.

डॉक्टरांच्या अहवालात वेळ उजाडतानाचीच निघाली. त्या मुलाचं खरं नाव वेगळं आहे, असं फौजदारांनी सांगितलं. पुढे तपास वरच्या लोकांकडे गेला आणि तिथून आमच्यापर्यंत काही येत नाही.

महिन्याभराने मी पुन्हा तुंगार्लीला गेलो. ओवी बापाच्या खुर्चीत बसून काम करत होती. दुसरी चावी तिने सुश्रुतला दिली आहे. मला बघून तिने स्क्रीन थोडी वळवली.

एक मेल आला होता. नाव अनोळखी. दिगंबरबद्दल वाचून वाईट वाटलं, तुमच्यावर एकटीवर भार आला असेल, मी थोडीफार मदत करू शकेन, असं साध्या शब्दांत लिहिलं होतं. खाली एक छोटा पॅच जोडला होता. ओवी म्हणाली, पॅच बरोबर आहे, स्वच्छ आहे.

"कोण असेल?" मी विचारलं.

"असेल कोणीतरी चांगला," ती म्हणाली. "किंवा नसेल. बाबांना पहिला पॅच आला तोही अनोळखी माणसाकडूनच. सगळेच तसे येतात, काका. दार लावून घेतलं तर 'पहारा' मरेल."

उत्तरात तिने 'धन्यवाद, वाचते' एवढंच लिहिलं, आणि पॅच पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी तिच्याबरोबर मीही प्रत्येक ओळ वाचत गेलो, आणि एकही सोडली नाही.